अक्रोडाचा बुडखा

धुराचा वास यान्याला फाटकाच्या आधीच लागला.

तिच्या हातात अक्रोडाच्या वड्यांचं तबक होतं, वर पांढरं फडकं, आणि गुडघ्यात सकाळपासून कळ. गावातल्या बायका तीन दिवस तिच्या नातवाच्या लग्नाचं भाजत होत्या आणि तीन दिवस ती एकेकीच्या खांद्यावरून वाकून सांगत होती, साखर जास्त झाली, लोणी कुठे गेलं, आणि हे अक्रोड कुटलेत की चिरडलेत? शनिवारी लग्न. आज गुरुवार. गावात धूर कोणाच्या ना कोणाच्या घरी असतोच. पण आलुबुखाराच्या लाकडाचा धूर गोड येतो आणि अक्रोडाचा कडवट, घशाला चिकटून बसणारा. पन्नास वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षात गावात अक्रोड एकच तोडला होता. तिच्या परसातला.

तिने तबक कुंपणाच्या भिंतीवर टाकलं आणि ती धावली. सत्तरी उलटल्यापासून ती कशाच्याही मागे धावली नव्हती. लोकांनी तिच्या मागे धावावं अशी तिची रीत.

परसाच्या मधोमध बुडखा होता, दोघांनी हात धरले तरी कवेत न मावणारा. त्याच्यावर काल संध्याकाळपर्यंत तिच्या लाल जेरेनियमच्या सात कुंड्या होत्या. आता कुंड्या भिंतीला टेकून उभ्या, आणि बुडख्यावर तळ कापलेलं पत्र्याचं पिंप. पिंपाच्या तोंडातून धूर, खालच्या फटीतून लाल निखारा. बाजूला तुन्या, तिचा एकुलता मुलगा, पत्र्याच्या तुकड्याने वारा घालत होता. चेहऱ्यावर आनंद, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा होता तेवढाच.

"हे काय केलंस?"

"दिसतंय की. बुडखा जाळतोय." तुन्याने कपाळावरचा घाम पुसला. "दहा भोकं पाडली, त्यात जुनं तेल सोडलं, वर कोळसा. आता वरून नाही, आतून जळत जाईल. थेट मुळापर्यंत. उद्या मांडववाले येतील तेव्हा इथे नुसती राख असेल."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? एकावन्न वर्षांचा आहे मी, आई."

"वय नाही विचारलं."

दोरीवर कपडे घालणारी सून, वेरित्सा, चादरीआडून म्हणाली, "मी म्हटलं होतं यांना, आईंना विचारा म्हणून."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती," तुन्या म्हणाला. "सात महिने नाहीच म्हणतेय. दोनशे माणसं येणार, मांडवाच्या मधोमध हा राक्षस. नाचताना नवरीने काय याला प्रदक्षिणा घालायच्या?"

यान्याचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती बुडख्याच्या त्या बाजूला पाहत होती जिकडे डुकरांचा गोठा होता. तिथे विटांचा एक ढीग वर्षानुवर्षं पडून होता. विटा जागच्या जागी होत्या. तिने श्वास सोडला.

"कधी पेटवलास?"

"तू गेलीस तसा. साडेसात-आठला."

आता बाराची घंटा व्हायला आली होती. चार तास.

तीसेक वर्षांपूर्वीच्या युद्धात, दुसऱ्या वर्षी, तिचा नवरा स्तिपा खंदकातून तीन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, आणि पिशवीतून धुवायच्या कपड्यांबरोबर सहा हातबॉम्ब घेऊन आला होता. कोंबडीच्या खालून अंडी काढून आणावीत तसे. सहाही तेलकट फडक्यात गुंडाळले, दुधाच्या जुन्या बरणीत घातले, आणि अक्रोडाचं जाड मूळ जिथे दोन वाटांनी फुटतं तिथे, गोठ्याच्या बाजूला, हातभर खोल पुरले. "लागतील कधीतरी," म्हणाला. त्या दिवसांत सगळं गाव हेच म्हणत होतं. युद्ध संपलं. कोणालाच काही लागलं नाही, आणि कोणी काही उकरलंही नाही. पाच वर्षांनी नातू जन्मला तेव्हा स्तिपाने रिवाजाप्रमाणे आलुबुखाराच्या राकियाचा, घरी गाळलेल्या दारूचा, बुधला पुरला. नातवाच्या लग्नात काढायचा. तोही त्याच झाडाखाली, पण विहिरीच्या बाजूला. मरायच्या आदल्या दिवशी त्याने तिचा हात धरला तेव्हा तिला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द बोलेल. तो म्हणाला, "डुकरांच्या बाजूला कोणाला खणू देऊ नकोस."

तिने नाही दिलं. विटा रचल्या. झाड वाळलं तरी ते तोडू देईना, आणि वादळाने अर्धं पाडलं तेव्हा मग म्हणाली, तोडा, पण बुडखा राहील. माझ्या कुंड्यांना जागा हवी.

बोलून टाकायचं, एवढंच काम होतं. त्यालाही एकदा वेळ आली होती. अकरा वर्षांपूर्वी पाद्रींनी वेदीवरून सांगितलं, ज्याच्या घरी युद्धातलं काही पडून असेल त्याने पोलिसांना सांगावं, येतील, घेऊन जातील, कोणी काही विचारणार नाही. शेजारच्या शिमाने आणि त्याच्या रेझाने माळ्यावरची बंदूक दिली. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत, यान्या रेझाला म्हणाली, "इतकी वर्षं जपमाळ ओढत होतीस ती बंदुकीवर बसून होय गं? माझ्या घरात असलं काही निघालं असतं तर मी तोंड घेऊन बाहेर आले नसते."

का म्हणाली? बायका ऐकत होत्या म्हणून. वाक्य चांगलं जमलं होतं म्हणून. आणि रेझाच्या हातचं माशाचं कालवण गावात सगळे वाखाणत होते, त्याचा सल होता म्हणूनही असेल. रेझा काही बोलली नाही. ती घरी गेली आणि अकरा वर्षं यान्याच्या उंबऱ्यावर आली नाही. ही रेझा म्हणजे नातवाची, मारिनची, धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातावर धरलेलं. शिमा येई-जाई. पुरुषांना कुंपण दिसत नाही. पण शनिवारच्या लग्नाला धर्मबाप शिमा एकटाच येणार हे गावाला ठाऊक होतं, आणि त्या वाक्यानंतर पोलिसांना बोलवायचं तर यान्याला आधी स्वतःचं तोंड कापून ठेवावं लागलं असतं.

ती विहिरीवर गेली, बादली भरली आणि पिंपाकडे निघाली. तुन्या आडवा आला.

"आई, काय करतेस?"

"चादरी काळ्या होतायत."

"चादरी पुन्हा धुऊ."

"वड्यांना धुराचा वास लागेल."

"वड्या आत ने."

"तुझ्या बापाने लावलेलं झाड होतं ते! त्याला जाळतोस लग्नघरात? अपशकुन आहे."

"बाबांनी नाही लावलं. त्यांच्या आजोबांनी लावलं. आणि अपशकुन तू कधी मानलास? काळ्या मांजराला लाथ घालतेस तू." त्याने तिच्या हातातली बादली काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली. "जन्मात एक काम मी न विचारता केलं. होऊ दे ना ते."

आवाज चढला असता तर तिने दोन हाणल्या असत्या. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला काही सुचेना. ओठावर आलेलं वाक्य तिने परत गिळलं. सुनेसमोर नको. आपलं आपण उरकू, कोणाला कळायचं नाही. आयुष्यभर असंच तर उरकलं.

"बरं," ती म्हणाली. "मग इथे उभं राहून काय करतोस? शाळेतली बाकं कोण आणणार, मी? वेरित्सा, तूही जा, मोजून घे. हा साठ सांगितली की चाळीस आणतो."

"एवढ्यात? मांडव उद्या..."

"उद्या शाळेचा शिपाई प्यायलेला असेल. जा."

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिने आतून कडी घातली नाही, आणि हीच तिची चूक झाली. घाईत राहून गेलं. तिने कुदळीला हात लावला नाही, फावडं उचललं, आणि विटा एकेक करून बाजूला सारायला लागली. विहिरीवरून बादली ओतत राहावं तर आग विझेल, पण तुन्या परत आल्यावर पुन्हा पेटवेल, आज नाही तर सोमवारी. बरणीच काढली पाहिजे. हातभर तर खोल आहे. काढून गोणपाटात घालायची, द्रावा नदीवर न्यायची, सोडून द्यायची. तिच्या डोक्यात सगळं ठरत गेलं.

शेवटची वीट तिने उचलली आणि हातातून टाकली. वीट गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे. खालून.

तिने माती हाताने चाचपली. बुडख्यापासून वीतभर अंतरावर मातीला बारीक भेग होती आणि भेगेतून धुराचा एक धागा वर येत होता, दोऱ्यासारखा, अगदी सरळ. वाळलेलं मूळ आतून विस्तव घेऊन चाललं होतं. आणि ते मूळ कुठे जातं हे तिला ठाऊक होतं.

फावडं हातात घेऊन ती उभी राहिली. पातं मातीला टेकवलं. दाबायचं धैर्य होईना.

"वा, आजी! माझ्या आधी सुरुवात?"

मारिन फाटकातून आत आला होता. खांद्यावर कुदळ, मागे शिमा, दोघांच्या टोपीला लग्नाची खूण म्हणून रोझमेरीची डहाळी खोचलेली. बुधला काढायचा तो नवरदेवाने स्वतः खणून, धर्मबापाच्या साक्षीने. हे तिला ठाऊक होतं, आणि धुराच्या नादात ती विसरली होती.

"म्हणजे इकडे आहे होय बुधला!" मारिन हसत पुढे आला. "बाबा म्हणत होते विहिरीकडे. बघा काका, आजीला एकटीला पत्ता."

"विहिरीकडेच आहे," यान्या म्हणाली. आवाज तिचा तिला अनोळखी वाटला. "तिकडे खण. जा."

"मग तू इकडे काय खणतेस?"

यान्याने फावडं पाठीमागे घेतलं.

"लपवतेय ती," शिमा डोळा मारून म्हणाला. "वहिनी, सत्तावीस वर्षांची राकिया एकटीला सोसायची नाही हो!"

"सर गं आजी," मारिन म्हणाला. "घाम बघ किती आलाय तुला." त्याने तिला दंडाला धरून लाडाने बाजूला केलं. उंच, रुंद पोर, आजोबांसारखं. तिच्या उकरलेल्या जागेवर त्याने पाय रोवले आणि कुदळ डोक्यावर उचलली.

यान्या त्या जागेवर जाऊन बसली. बसली म्हणजे पडलीच, त्याच्या पायांत, गरम मातीवर, दोन्ही हात पसरून. कुदळ अर्ध्या वाटेत थांबली.

"आजी!"

"खाली बॉम्ब आहेत," ती म्हणाली. "सहा. तुझ्या आजोबांचे. मूळ पेटलंय. पळ."

मग शिमाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. "पोरा, कुदळ हळू खाली ठेव," तो म्हणाला. "फेकू नकोस. ठेव." मारिनने कुदळ ठेवली, आजीला काखेत हात घालून उचललं आणि ती ओरडत असताना, "माझं मी चालते!", तिला गव्हाच्या पोत्यासारखी घेऊन रस्त्यापर्यंत गेला.

फोन शिमाने केला.

अर्ध्या तासात पोलीस आले, मागून जाड चिलखती कपडे घातलेले दोघे. दोनशे मीटरच्या आतली सगळी घरं रिकामी झाली. सगळी गल्ली चर्चच्या भिंतीला सावलीला येऊन उभी राहिली, आणि बायका येताना जी ती आपापली तबकं घेऊन आली, कारण घर उडालं तर उडालं पण तीन दिवसांचं भाजलेलं कोण सोडणार. बाकं घेऊन परतलेल्या तुन्याला रस्त्यातच अडवलं होतं. तो चालत आला, आईसमोर उभा राहिला. चेहरा काजळीने काळा.

"चार तास," तो म्हणाला. "चार तास मी तिथे वाकून फुंकर घालत होतो, आई."

यान्या त्याच्या गालावरची काजळी पुसायला पुढे झाली.

"तू मला बाकं आणायला पाठवलंस, आणि स्वतः..." तो वळून वेरित्साजवळ जाऊन उभा राहिला. त्याने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

पोलिसांचा साहेब वही घेऊन आला, तरुण, अदबीचा. "आजीबाई, नक्की किती?"

"सहा."

"खात्री?"

"माझ्या डोळ्यांदेखत मोजून पुरलेत. मला शाळा नाही, पण सहापर्यंत येतं."

गर्दीत कुजबुज चालू झाली होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि न आलेले तिचे तीच भरत होती. गुडघा आता उभं राहू देईना. बसायला जागा नव्हती आणि मागायचं कोणाकडे? तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. रेझा आली. बुटकी, काळा रुमाल, हातात स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. खुर्ची तिने यान्यासमोर ठेवली, पाय नीट टेकतायत का हलवून पाहिलं, आणि मग अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"काय गं यान्या? तोंड घेऊन आलीस बाहेर?"

भिंतीशी उभ्या बायका पुढे सरकल्या.

यान्याला एक नाही, तीन उत्तरं सुचली. तिन्ही झणझणीत. तिने मारिनकडे पाहिलं. त्याच्या टोपीतली रोझमेरी अजून तशीच होती.

"आले," ती म्हणाली. "दुसरं कुठलं आणू?"

"बस मग," रेझा म्हणाली. "बसून ऐक. उभ्याने ऐकायला फार होईल, अकरा वर्षांचं आहे."

पण ते ऐकायला वेळ मिळाला नाही. साहेब परत आला आणि या वेळी त्याच्या चालण्यात घाई होती. आग विझवली होती. बरणी सापडली होती, विस्तवापासून चार बोटांवर. तिचं बूड तापलं होतं, पण शाबूत होतं.

"पाच आहेत," तो म्हणाला.

"सहा," यान्या म्हणाली.

"आजीबाई, बरणीत पाच आहेत. झाकण घट्ट होतं. एक बाहेर आहे, कुठेतरी मुळांत, किंवा अंगणात. तो सापडेपर्यंत मी कोणाला आत सोडू शकत नाही. सगळं परस चाळावं लागेल. चार-पाच दिवस."

वेरित्सा मटकन भिंतीला टेकली. मारिनने टोपी काढून हातात घेतली. दोनशे माणसं, मांडव, डुक्कर कापून ठेवलेलं, नवरीचं गाव. यान्या डोळे मिटून त्या दिवसात परत गेली, स्तिपाचे तेलकट हात, फडकं, एक, दोन, तीन. सहा. सहाच होते. आणि त्या सहाव्यावरून तिचं पोर, तिची सून, तिचा नातू इतकी वर्षं चालत होते, डुकरांना घालायला रोज सकाळ-संध्याकाळ.

"सहाच होते," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तो सगळ्यांनी ऐकला. फुटू दे, तिला वाटलं. आता काय राखायचंय.

"साहेब." शिमा पुढे आला होता. टोपी छातीशी, मान खाली. "परस चाळू नका. सहावा नाहीये तिथे."

"कुठे आहे?"

"नदीत." त्याने खाकरून घेतलं. "म्हणजे होता. मारिनच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. बुधला पुरायला स्तिपा खणत होता, मी सोबत. तो म्हणाला, जेवणाला मासे हवेत, जाळ्यात दोन दिवस काही लागत नाहीये, चल. बरणी उघडली, एक काढला. वळणावरच्या डोहात टाकला आम्ही."

कोणी तरी गर्दीत फस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"चाळीस किलो निघाले," शिमा म्हणाला. इतक्या वर्षांनीही त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता. "एक कार्प तर एवढा."

यान्या त्याच्याकडे बघत राहिली. तो कार्प. त्या कार्पच्या गोष्टी तिने सत्तावीस वर्षं सांगितल्या होत्या. माझ्या नवऱ्याने गळाने ओढला, दोन तास झुंजला, अशी नेमकी वर्णनं करून. गावातल्या प्रत्येक बाईला दोनदा तरी. आणि ते सगळे मासे एका मोठ्या काहिलीत शिजवले होते रेझाने. कालवणाचं नाव झालं तेव्हापासूनच.

"तुला माहीत होतं?" तिने रेझाला विचारलं.

"एकाही माशाच्या तोंडात गळाचा वण नव्हता," रेझा म्हणाली. "साफ केले कोणी?"

"आणि अकरा वर्षांपूर्वी, चर्चच्या दारात? मी बोलले तेव्हा? तेव्हा का नाही तोंडावर मारलंस माझ्या?"

रेझा खांदे उडवत म्हणाली, "धर्मपोर आहे ते माझं. त्याच्या बाप्तिस्म्याचं जेवण चव्हाट्यावर आणू?"

साहेबाने वहीत बराच वेळ काही तरी लिहिलं आणि अर्धं खोडलं. शिमाकडून सही घेतली, डोह नेमका कुठला ते विचारलं. सूर्य मावळायच्या आधी पाचही बॉम्ब वाळूच्या पेटीतून गेले. जाताना चिलखतवाल्यांतल्या एकाने चिखलाने माखलेला बुधला आणून मारिनच्या हातात दिला. विहिरीकडेच होता. बूच सुद्धा हललं नव्हतं.

परसात मधोमध आता खड्डा होता, अर्धा जळका बुडखा त्यात तिरका पडलेला. तुन्या कडेला उभा राहून तो बघत होता. यान्या त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"उद्या मांडववाले यायच्या आधी काय करायचं याचं?" तिने विचारलं.

तुन्याने मान वळवली. आई त्याला विचारत होती. त्याने नीट पाहून घेतलं, थट्टा तर नाही ना.

"शिमाकाकांच्या ट्रॅक्टरने ओढतो. खड्डा भरतो, वर फळ्या."

"बरं."

फाटकाशी रेझा खुर्ची परत न्यायला थांबली होती. उंबऱ्याच्या आत आली नव्हती, पण फाटकाला हात लावून होती. यान्या लंगडत तिच्यापर्यंत गेली. माफी मागायचे शब्द तिने रस्ताभर जुळवले होते, आणि फाटकाशी येईपर्यंत एकही जागेवर राहिला नाही. तिला ती सवयच नव्हती.

"शनिवारी," ती म्हणाली. "काहील माझ्याकडे आहे. मिरची आहे. कालवण करायला बाई नाही."

रेझाने खुर्ची काखेत मारली. तिच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, मातीने भरलेल्या झग्यापर्यंत.

"मासे मी आणू?"

"आण," यान्या म्हणाली. "जाळ्यातले."